शालेय मुलांचा स्वतंत्र चित्रप्रकल्प : बडोद्यातील मार्गदर्शकांसाठी

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत मंडळाच्या कार्यालयात पालकांचे एकच विचारणे असते : "आमच्या मुलाला चित्रकलेची आवड आहे, त्याच्यासाठी काही आहे का?" चित्रकलेचे वर्ग शहरात भरपूर आहेत आणि चांगलेही आहेत. पण वर्गात समोर ठेवलेली सुरई काढणे वेगळे. आठवी ते अकरावीतल्या मुलाने स्वतः विषय निवडून, तीन-चार महिने त्याच्या मागे लागून, सात-आठ चित्रांचा एक संच पुरा करणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला आपण स्वतंत्र चित्रप्रकल्प म्हणतो. तो करू पाहणाऱ्या मुलाशेजारी जी मोठी माणसे बसतात, त्यांच्यासाठी ही माहिती एकत्र केली आहे. यातले बरेचसे चित्रकार नसलेल्यांनाही जमण्यासारखे आहे. आमच्यापैकी बहुतेक जण चित्रकार नाहीत.

स्वतंत्र म्हणजे काय

तीन निर्णय मुलाचे : विषय कोणता, साधन कोणते आणि चित्र पुरे झाले कधी. बाकी सगळ्यात मदत चालेल. यातला तिसरा निर्णय मोठ्यांना सर्वांत जड जातो. मुलगा म्हणतो "झालं", आणि आपल्याला दिसते की आकाश कोरेच आहे. अशा वेळी "आकाश रंगव" म्हणायचे नाही. "आकाश कोरं ठेवलंस, ते का?" एवढेच विचारायचे. कधी उत्तर येते, कधी मूल स्वतःच ब्रश उचलते. दोन्ही चालते.

आणि एक नियम, ज्याला अपवाद नाही : मुलाच्या कागदावर मार्गदर्शकाचा हात लागता कामा नये. काही दाखवायचे असेल तर शेजारी आपला रद्दी कागद ठेवावा, त्यावर काढून दाखवावे आणि तो कागद आपल्याबरोबर घरी न्यावा. हा नियम आई-बाबांनाही लागू आहे, आजोबांना तर विशेषच. शाळेच्या प्रकल्पात रात्री अकरा वाजता आईने कापलेले थर्माकोल आणि बाबांनी आणलेल्या रंगीत प्रिंट यांची आपल्या घरांना सवय झाली आहे. त्यात मुलांचा दोष नाही. मूल हुशार असते, मोठ्यांना काय हवे ते त्याला कळते आणि ते तेवढेच करते.

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांचा हात बसवला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ही शिस्त फार मोलाची आहे आणि ज्यांना ती मिळाली त्यांचे प्रकल्प लवकर मार्गी लागतात. मात्र तिथे विषय परीक्षक देतो. इथे पहिला पेच तोच असतो.

विषय बारीक करणे

पहिल्या भेटीत मुले हमखास मोठे विषय आणतात : "बडोद्याचा वारसा", "पर्यावरण वाचवा", "मराठी संस्कृती". हे विषय भाषणाचे, चित्राचे नव्हेत. आम्ही एक साधी कसोटी लावतो. ज्या जागी किंवा ज्या वस्तूसमोर तू सहा वेळा जाऊन बसू शकतोस, तोच विषय. वारशासमोर बसता येत नाही. आजीच्या देव्हाऱ्यासमोर बसता येते, दांडियाबाजारातल्या जुन्या घराच्या जिन्यात बसता येते, खंडेराव मार्केटात भाजीवालीच्या शेजारी पोते टाकून बसता येते, तिने बसू दिले तर.

घरात नुसती नजर फिरवायला सांगितले तरी विषय निघतात. झोपाळ्याच्या पितळी कड्या. सोऱ्या, पुरणयंत्र आणि त्यांच्या चकत्या. गौरीचे मुखवटे, जे वर्षातून तीनच दिवस कपाटाबाहेर येतात. एका अकरावीतल्या मुलाने वडिलांच्या दुकानातला वजनकाटा घेतला : तोच काटा, सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर आणि शटर ओढल्यावर. चौथे चित्र जवळजवळ काळे होते. वडिलांना ते आवडले नाही, आम्हाला फार आवडले.

चैत्रांगणाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण तो विषय आपल्या घरांतला आहे आणि हातातून निसटत चालला आहे. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत असते. त्या महिन्यात अंगणात किंवा उंबऱ्याशी रांगोळीने गौरीचा झोपाळा, सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग, गोपद्मे असे सगळे काढायची रीत आहे. फ्लॅटमध्ये अंगण नाही, म्हणून हल्ली बरेच जण छापील स्टिकर चिकटवतात. ज्यांच्या आजीला ते हाताने येते त्यांनी एवढे करावे : आजीला जमिनीवर काढू द्यावे, मुलाने शेजारी बसून क्रम टिपावा. आधी काय काढले, कुठून सुरुवात केली, कोणती रेघ न उचलता ओढली, चिमूट कशी धरली. तयार रांगोळीच्या फोटोतून हा क्रम कधीच कळत नाही. नंतर मुलाने ते कागदावर आपल्या पद्धतीने मांडावे. हुबेहूब नक्कल नको. आजीचे कासव आणि नातवाचे कासव वेगळे दिसले तर बिघडत नाही. वेळापत्रकाची अडचण एवढीच की टिपणे चैत्रात घ्यावी लागतात आणि प्रकल्प सुरू होतो आषाढात. म्हणून ज्यांना हा विषय घ्यायचा असेल त्यांनी मार्च महिन्यातच आम्हाला सांगावे.

पाहायला कुठे न्यावे

या बाबतीत बडोद्याची मुले नशीबवान आहेत. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले, दादासाहेब फाळके तिथे शिकले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले आणि पाठोपाठ ललितकला शाखा आली. इंदूरला जन्मलेले ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला शिकवत. हा सगळा इतिहास मुलांना एका दमात सांगू नये. त्यांना एका वेळी एकच भिंत दाखवावी.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा सर्वांत आधी. गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आतल्या भिंती मराठा शैलीच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. कृष्णकथा आहेत, महाभारत आहे, लढाया आहेत आणि मधूनच युरोपीय पेहरावातल्या बायकाही आहेत. मुले आधी त्याच पाहून हसतात. हसू द्यावे, मग विचारावे की चित्रकाराने त्यांना इथे का आणले असेल. आत उजेड कमी असतो, जिना अरुंद आहे. एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त मुले नेऊ नयेत. रंग नेऊ नयेत, फक्त पेन्सिल आणि वही. फोटो काढण्याबद्दल तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी विचारावे. भिंतीला बोट लावायचे नाही, हे दारातच बजावावे.

कीर्तिमंदिर १९३६ साली बांधून झाले. तिथे नंदलाल बोस यांनी १९३९ पासून पुढच्या काही वर्षांत चार भिंती रंगवल्या : गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीर पूजा आणि महाभारताचे युद्ध. ज्या मुलाला संच करायचा आहे त्याने मीरेच्या भिंतीसमोर अर्धा तास बसावे. एका आयुष्यातले कोणते प्रसंग घेतले, कोणते सोडले, एकातून दुसऱ्यात डोळा कसा सरकतो, हे तिथे शिकायला मिळते. संच म्हणजे सात सुटी चित्रे नव्हेत, ही गोष्ट शब्दांनी सांगून पटत नाही, ती त्या भिंतीसमोर पटते.

सयाजीबागेतले, म्हणजे आपल्या कमाटीबागेतले, संग्रहालय सगळ्यांनी लहानपणी पाहिलेले असते. देवमाशाचा सांगाडा आणि ममी बघून सगळे परततात, चित्रदालनाकडे पाय वळत नाहीत. या वेळी उलट क्रमाने जावे. राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे पाहायची तर राजवाड्याच्या आवारातले महाराजा फतेसिंह संग्रहालय. रविवर्म्यांनी बडोदे दरबारासाठी पौराणिक विषयांवर चौदा चित्रे केली होती. कॅलेंडरवरचा रविवर्मा आणि समोरचा रविवर्मा यांतला फरक मुलांना लगेच दिसतो : मुख्यतः कातडीचा रंग आणि कापडाची चमक.

आणि दोन नावे आवर्जून सांगावीत. ज्योती भट्ट हे ललितकला शाखेच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. त्यांनी वर्षानुवर्षे खेड्यापाड्यांतून फिरून भिंतीवरची आणि अंगणातली चित्रे कॅमेऱ्याने टिपून ठेवली. चैत्रांगण करणाऱ्या मुलांनी त्यांचे काम पाहिलेच पाहिजे. दुसरे भूपेन खख्खर. चार्टर्ड अकाउंटंट होते, १९६२ साली मुंबईहून बडोद्याला आले, हिशेबाचे काम करत चित्रे काढत राहिले. घड्याळदुरुस्तीचे दुकान, शिंप्याचे दुकान असले विषय त्यांनी १९७० च्या दशकात चित्रात आणले. कॉमर्सला जाणाऱ्या मुलांच्या पालकांना हे नाव आम्ही मुद्दाम ऐकवतो.

टिपणवही

आमच्या मते प्रकल्पाचा खरा ऐवज वही हाच आहे. कोरी, न रेघांची, शिवलेली वही घ्यावी. स्पायरलची नको, कारण तिची पाने सहज फाटतात आणि मुले नेमकी तीच पाने फाडतात जी आपल्याला पाहायची असतात. प्रत्येक पानावर तारीख, जागा आणि वेळ. उजेड कुठून येत होता तेही. न जमलेले चित्र फाडायचे नाही, खोडून काळे करायचे नाही. त्यावर एक तिरकी रेघ मारून खाली का जमले नाही ते एका ओळीत लिहायचे. आमच्यातले काही जण बँकेत होते, त्यांना ही पद्धत नवी नाही. चुकीची नोंद पुसत नाहीत, रेघ मारून बाजूला सही करतात. खोडरबर वहीसाठी नाहीच.

मार्गदर्शकाने दर पंधरा दिवसांनी वही पाहावी आणि पेन्सिलीने प्रश्न लिहावेत, शेरे नव्हे. "छान" हा शेरा सर्वांत निरुपयोगी. "या पानावर खिडकी तीनदा काढलीस, तिसरी वेगळी का?" असे लिहिले तर पुढच्या पानावर काहीतरी घडते.

साहित्य

फार खर्च नको. सरावाला साधा कार्ट्रिज कागद, जलरंगाच्या अंतिम चित्रांना ३०० जीएसएमचा जाड कागद. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि मूल समजते की आपल्यालाच जलरंग येत नाहीत. एचबी, २बी, ६बी अशा तीन पेन्सिली पुरतात. चारकोल वापरला तर वरून फिक्सेटिव्ह मारावे लागते, ते गच्चीत किंवा उघड्या गॅलरीतच. साधन संचाला एकच ठेवावे. सात चित्रांत पाच साधने आली की मूल साधनांशीच खेळत बसते.

वेळापत्रक आणि मधला खड्डा

जुलैचा पहिला आठवडा ते डिसेंबरचा मध्य. कागदावर साडेपाच महिने दिसतात, प्रत्यक्षात चारच मिळतात. गणपतीचे दिवस जातात. नवरात्राचे नऊ दिवस तर सरळ सोडूनच द्यावेत. बडोद्यातले मूल त्या रात्री गरब्याला गेले नाही तरच काळजी करावी. पाठोपाठ सहामाही परीक्षा. म्हणून विषय नक्की करणे, पाहणे आणि वहीतला अभ्यास हे गणपतीपूर्वी, दोन-तीन चित्रे नवरात्रापूर्वी आणि उरलेली दिवाळीच्या सुट्टीत, असे आम्ही बसवतो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात बहुतेक मुले थांबतात. विषयाचा कंटाळा आलेला असतो, "दुसरा घेऊ का?" हा प्रश्न येतो. सहसा बदलू देऊ नये. जागा तीच ठेवून अंतर बदलायला सांगावे. देव्हारा हातभर अंतरावरून काढत असेल तर खोलीच्या दारातून काढ, नाहीतर एकाच समईवर नाक टेकवून काढ. कंटाळा बहुधा विषयाचा नसतो, एकाच अंतराचा असतो. मात्र मूल दोन आठवडे वही उघडतच नसेल आणि चेहरा पडलेला असेल, तर प्रकल्प बाजूला ठेवून आधी घरी-शाळेत सगळे ठीक आहे ना, ते पाहावे.

मोबाइल आणि तयार चित्रे

स्वतः काढलेला फोटो संदर्भाला चालतो, पण त्याच जागेचे निदान एक रेखाटन समक्ष बसून केलेले हवे. इंटरनेटवरचा दुसऱ्याचा फोटो पाहून काढलेले चित्र संचात घेत नाही. संगणकाला सांगून तयार केलेली चित्रे आता मुलांच्या हाताशी आहेत, आणि ती दिसतात देखणी. ओरडून उपयोग नाही. आम्ही मुलाला त्या चित्रातल्या देव्हाऱ्याशेजारी त्याच्या घरचा देव्हारा पाहायला लावतो. घरच्या देव्हाऱ्यावर तेलाचा डाग असतो, मागे विजेचे बटण असते, एका देवाचा हात तुटलेला असतो. संगणकाने काढलेल्या चित्रात हे काही नसते, कारण त्याने ते घर पाहिलेलेच नाही.

दुसऱ्याचे घर, दुसऱ्याचा चेहरा

या मुद्द्यावर मार्गदर्शकांनी आधीच विचार करून ठेवावा. नववीतल्या एका मुलीने आपल्या जुन्या वाड्याचा संच केला. वाडा चुलत्यांच्यात वाटला जाऊन पाडायचा ठरला होता. सहाव्या चित्रात तिने मधल्या चौकात खडूने आखलेली वाटणीची रेघ काढली आणि रेघेच्या दोन बाजूंना दोन चुली. चित्र उत्तम होते. तिच्या मोठ्या काकांनी ते प्रदर्शनात लावायला विरोध केला : घरातली गोष्ट चारचौघांत कशाला? वडील म्हणाले, लावाच.

तोडगा मोठ्यांनी आपसांत काढायचा नाही, एवढे आम्ही धरून ठेवले. मुलीला दोन्ही बाजू सांगितल्या. काकांना चित्रे समोर बसवून दाखवली, सगळी, क्रमाने. त्यांनी पाचव्या चित्रापाशी विचारले, "ही आमच्या आईची उखळी ना?" मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मुलीने ठरवले की सहावे चित्र लावायचे, पण चित्रपट्टीवर आडनाव आणि गल्ली लिहायची नाही. काकांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही, आणि प्रदर्शनाला ते आले. दुसऱ्या एखाद्या घरात याचे उत्तर वेगळे येईल. चित्र काढायची मोकळीक मुलाला पूर्ण द्यावी. चारचौघांत लावताना ज्यांचे घर किंवा चेहरा त्यात आहे त्यांच्याशी बोलणे हा वेगळा टप्पा आहे, आणि त्याला निदान तीन आठवडे हाताशी ठेवावेत. दुकानदार, भाजीवाली, फुलवाला यांनाही आधी विचारावे आणि शेवटी प्रदर्शनाचे आमंत्रण द्यावे. येतात ती माणसे.

मराठीतले टिपण

संचाबरोबर शंभर-दीडशे शब्दांचे टिपण मराठीत हवे. मुले इंग्रजी किंवा गुजराती माध्यमातली, त्यामुळे इथे अडतात. गुजराती लिपीची सवय असलेले मूल अक्षरे बरोबर काढते पण शिरोरेघ देतच नाही, आणि ओळ उघडी पडल्यासारखी दिसते. शुद्धलेखन सुधारावे, वाक्ये सुधारू नयेत. मुलाने "हिचको" लिहिले तर "झोपाळा" करायचे का? आमच्यात यावर दोन मते आहेत. सध्या मुलाने जे लिहिले ते ठेवतो. तोंडी सांगून घेऊन मग लिहायला लावले तर टिपण जिवंत उतरते. "माझ्या प्रकल्पाचे उद्दिष्ट" अशी सुरुवात मात्र कटाक्षाने टाळायला सांगावे.

मांडणी आणि परतावा

चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंटीमीटरवर यावा, शेजारी लहान मुलांची ये-जा असेल तर थोडा खाली. एका संचातली चित्रे एकाच भिंतीवर, क्रम मुलाने लावायचा. वह्या टेबलावर उघड्या ठेवाव्यात, लोक चित्रांपेक्षा त्यात जास्त रमतात. क्रमांक आणि बक्षिसे आम्ही ठेवत नाही. यावरून दरवर्षी एक-दोन पालक नाराज होतात, देणगीदारही विचारतात. पण चैत्रांगण आणि वजनकाटा यांत पहिला कोण, हे ठरवण्याची पात्रता आमच्यापाशी नाही. प्रत्येक मुलाला दहा मिनिटे आपल्या भिंतीसमोर उभे राहून आलेल्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची असतात. तिथेच कळते की काम कोणाच्या हातचे आहे.

प्रदर्शन उतरवल्यावर चित्रे गुंडाळून देऊ नयेत, सपाट द्यावीत. चारकोल आणि पेस्टलवर बटर पेपर घालावा. प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने नाव, इयत्ता, वर्ष आणि संचातला क्रमांक लिहावा, बॉलपेनने नको, शाई पुढे उमटते. मंडळाच्या दप्तरासाठी फोटो सकाळच्या उन्हाआडच्या उजेडात, फ्लॅश न वापरता घ्यावेत. टिपणवही मात्र मंडळाने ठेवून घ्यायची नाही. ती त्याच दिवशी मुलाच्या हातात द्यावी आणि मागच्या कोऱ्या पानांवर आम्ही काही लिहीत नाही.